दोन ताऱ्यांचा झेंडा

अरब राष्ट्रवादाबद्दल वाचायला बसले की सुरुवातीलाच दोन शब्द आडवे येतात: वतनिया आणि कौमिया. मराठी वाचकाला दोन्हींची मुळे ओळखीची वाटतात. वतन म्हटले की देशमुख-पाटलांची वतने आठवतात आणि कौम हा शब्दही कानावरून गेलेला असतो. अरबीत मात्र वतनिया म्हणजे इजिप्त, सीरिया किंवा इराक अशा एकेका भूमीवरची निष्ठा, आणि कौमिया म्हणजे मोरोक्कोपासून इराकपर्यंत अरबी बोलणाऱ्या सर्वांचे मिळून एकच राष्ट्र आहे ही धारणा. आपण दोन्हींना ‘राष्ट्रवाद’ म्हणून मोकळे होतो आणि त्यामुळे या इतिहासातले निम्मे भांडण आपल्या नजरेतून निसटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दमास्कसच्या एखाद्या व्यापाऱ्याला तो कोण असे विचारले असते, तर त्याने धर्म, घराणे आणि शहर सांगितले असते. ‘अरब’ हा शब्द शहरी माणूस बहुधा वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांसाठी वापरी, आणि त्यात थोडी तुच्छताही असे. हा शब्द अभिमानाचा झाला तो आधी छापखान्यांत आणि शाळांत. राजवाडे आणि रणांगणे यांची पाळी पुष्कळ नंतर आली.

या घडामोडीत मला सर्वांत लक्षणीय वाटतो तो बुतरुस अल-बुस्तानी. मूळचा मॅरोनाइट ख्रिस्ती, पुढे प्रोटेस्टंट झालेला आणि अमेरिकी मिशनऱ्यांसोबत बायबलच्या अरबी भाषांतरावर काम केलेला हा बैरुतचा विद्वान. 1860 मध्ये लेबनॉनच्या डोंगराळ भागात इस्लाममधून निघालेल्या द्रूझ पंथाचे लोक आणि मॅरोनाइट एकमेकांवर तुटून पडले, त्याच उन्हाळ्यात दमास्कसमध्ये ख्रिस्ती वस्तीची कत्तल झाली, आणि बैरुत निर्वासितांनी भरून गेले. त्या वेळी बुस्तानीने ‘नफीर सूरिया’ म्हणजे ‘सीरियाचा शंखनाद’ या नावाने एकामागून एक अकरा पत्रके काढली. पत्रकांवर त्याने आपले नाव घातले नाही. सही होती ‘वतनावर प्रेम करणारा’ एवढीच, आणि संबोधन होते ‘वतनाच्या लेकरांनो’. तुम्ही एकच पाणी पिता, एकाच हवेत श्वास घेता, एकच भाषा बोलता, असे तो वैऱ्यांना सांगत होता. पुढे त्याने सर्व धर्मांच्या मुलांसाठी शाळा काढली, अरबी शब्दकोश रचला आणि ज्ञानकोशही हाती घेतला. त्याच्या मनातले वतन सीरियापुरते होते, हे खरे; पण धर्माला ओलांडून माणसांना जोडणारा धागा म्हणून भाषेकडे पाहण्याची दृष्टी त्याच्या पिढीने दिली, आणि पुढची इमारत त्याच पायावर चढली.

तरीही 1860 पासून थेट स्वातंत्र्यलढ्यापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह टाळलेला बरा. पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक अरब पुढाऱ्यांना त्यांच्यावर राज्य करणारे तुर्कांचे ऑटोमन साम्राज्य मोडायचे नव्हते. 1908 मध्ये ‘तरुण तुर्क’ म्हणवणाऱ्या सुधारणावादी गटाने केलेल्या क्रांतीनंतर इस्तंबूलचा कारभार अधिकाधिक केंद्रित होऊ लागला, तेव्हा शाळा आणि कचेऱ्यांत अरबीला स्थान हवे, प्रांतांना अधिकार हवेत, अशा मागण्या पुढे आल्या. जून 1913 मध्ये पॅरिसला भरलेल्या अरब परिषदेचा सूरही विकेंद्रीकरणाचाच होता. ‘अल-फतात’ आणि ‘अल-अहद’ या गुप्त संघटना होत्या खऱ्या, पण त्यांचे सभासद थोडेच होते.

दरी रुंदावली ती युद्धाच्या काळात. सीरियाचा कारभार पाहणाऱ्या जमाल पाशा या ऑटोमन सेनानीने 6 मे 1916 रोजी बैरुत आणि दमास्कस येथे अरब पुढाऱ्यांना आणि लेखकांना जाहीर फाशी दिली. दोन्ही शहरांतल्या त्या चौकांना पुढे शहीद चौक हे नाव पडले. खटल्यात पुरावा म्हणून वापरलेल्या कागदांपैकी काही बैरुतच्या फ्रेंच वकिलातीत सापडले होते. युद्ध सुरू होताच तिथून निघताना ते नष्ट न करता मागे ठेवून गेलेला अधिकारी होता फ्रांस्वा जॉर्ज-पिको. ज्या महिन्यात ही माणसे फासावर गेली, त्याच महिन्यात या पिकोचे नाव अरब प्रदेशांची ब्रिटन-फ्रान्समध्ये वाटणी करणाऱ्या सायक्स-पिको करारावर कोरले गेले. एकाच माणसाच्या हातून एका पिढीचे इतके नुकसान झाल्याची उदाहरणे थोडी असतील.

जून 1916 मध्ये मक्केचा अधिपती शरीफ हुसेन याने ऑटोमन सत्तेविरुद्ध बंड पुकारले, त्यामागे ब्रिटिशांनी पत्रांतून दिलेली मोघम आश्वासने होती. त्याचा मुलगा फैसल दमास्कसमध्ये शिरला, 8 मार्च 1920 रोजी त्याला राजा घोषित करण्यात आले आणि 24 जुलैला मैसलूनच्या खिंडीत फ्रेंच सैन्याने त्या राज्याचा निकाल लावला. राज्य जेमतेम साडेचार महिने टिकले. पण त्याच्या पडझडीतून एक माणूस फैसलबरोबर बाहेर पडला आणि त्याने बंदुकीपेक्षा टिकाऊ काम केले.

तो माणूस म्हणजे साती अल-हुसरी. घराणे अलेप्पोचे, वडील ऑटोमन सरकारचे अधिकारी, जन्म येमेनमधला आणि शिक्षण इस्तंबूलचे. तरुणपणी बाल्कन प्रदेशात नोकरी करताना ग्रीक आणि बल्गेरियन शाळांमधून राष्ट्रे कशी घडतात हे त्याने जवळून पाहिले. तेव्हा तो लिहीत असे तुर्कीत, आणि त्याच्या अरबी बोलण्यातला तुर्की हेल म्हणे अखेरपर्यंत गेला नाही. भाषा हाच राष्ट्राचा प्राण आणि इतिहास ही त्याची स्मृती, हा सिद्धान्त अरबांना शिकवला तो या माणसाने! फैसल इराकचा राजा झाल्यावर हुसरीने तिथल्या शाळांचे अभ्यासक्रम घडवले. माणसाची इच्छा हा राष्ट्राचा आधार असतो, हे फ्रेंच मत त्याला मान्य नव्हते; जो अरबी बोलतो तो अरब, मग त्याला ते पटो वा न पटो.

या विचाराची ताकद आणि त्यातली सक्ती दोन्ही इथेच आहेत, असे मला वाटते. धर्म बाजूला ठेवल्यामुळे ख्रिस्ती, सुन्नी, द्रूझ सगळ्यांना जागा मिळाली; पण इराकमधल्या कुर्दांना त्यात जागाच नव्हती, आणि तिथल्या अनेक शियांना हा सारा खटाटोप जुन्या ऑटोमन सुन्नी नोकरशाहीचाच नवा अवतार वाटत राहिला.

इजिप्त तर बराच काळ या वाटेला गेलाच नाही. अरब ऐक्याची कल्पना घेऊन आलेल्या अब्दुल रहमान अझ्झाम यांना इजिप्तचे राष्ट्रीय पुढारी साद झगलूल यांनी शून्यात शून्य मिळवून त्यात आणखी शून्य मिळवले तर बेरीज किती, असे विचारल्याचे सांगतात. त्याच अझ्झाम यांना 1945 मध्ये कैरोत स्थापन झालेल्या अरब लीगचे पहिले सरचिटणीसपद मिळाले, याची मला मोठी गंमत वाटते. 1948 मध्ये पॅलेस्टाईनमध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवाने मात्र जुने पुढारी जनतेच्या मनातून उतरले. दमास्कसमधले दोन शिक्षक, मिशेल अफलक आणि सलाह अल-दीन अल-बितार, यांच्या बाथ पक्षाने ऐक्य, स्वातंत्र्य, समाजवाद ही घोषणा दिली होतीच. आता तिला ऐकणारे मिळाले.

खरा आवाज मिळाला तो इजिप्तचे नेते गमाल अब्देल नासेर यांच्यामुळे, आणि ‘आवाज’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. 1953 मध्ये सुरू झालेल्या ‘सौत अल-अरब’ म्हणजे ‘अरबांचा आवाज’ या कैरोच्या रेडिओने निरक्षर माणसालाही या विचारापर्यंत नेले. बुस्तानीच्या पत्रकांची पोच साक्षरांपुरतीच होती. 1956 मध्ये सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण करून नासेर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल या तीन देशांच्या हल्ल्यातून राजकीयदृष्ट्या विजयी होऊन बाहेर पडले, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये सीरियाने आपण होऊन इजिप्तशी एकीकरण मागून घेतले. संयुक्त अरब प्रजासत्ताकाच्या झेंड्यावर दोन हिरवे तारे आले, दोन देशांचे. नासेर यांची अट होती की सीरियातले सगळे पक्ष विसर्जित व्हावेत. ऐक्याचा जप करणाऱ्या बाथनेही ती मुकाट्याने मान्य केली. त्यानंतर सीरियाच्या कारभारात कैरोचे अधिकारी, सैन्यात इजिप्शियन वरिष्ठ आणि 1961 च्या उन्हाळ्यात राष्ट्रीयीकरणाचे कायदे, असे एकेक ओझे वाढत गेले. 28 सप्टेंबर 1961 रोजी दमास्कसमधल्या लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि नासेर यांचे विश्वासू अब्दुल हकीम आमेर यांना विमानात बसवून कैरोला परत पाठवले. भाषा एक असली म्हणजे कारभाराची पद्धत, बाजारातले हितसंबंध आणि सैन्यातली बढती यांवरचे वाद सुटतात असे नाही, हे साडेतीन वर्षांतच उघड झाले होते. जून 1967 मध्ये इस्रायलशी झालेल्या सहा दिवसांच्या युद्धात ‘सौत अल-अरब’ शत्रूची विमाने पडल्याच्या बातम्या देत होता आणि प्रत्यक्षात इजिप्तचे हवाई दल जमिनीवरच जळाले होते. त्या रेडिओवरचा विश्वास उडाला, तो मात्र कायमचा.

1961 च्या फुटीनंतर सीरियाने जे नाव घेतले ते ‘सीरियन अरब प्रजासत्ताक’. एकीकरणापूर्वी त्याच्या नावात ‘अरब’ नव्हते, वेगळे होताना ते घातले गेले. दोन ताऱ्यांचा तो झेंडा 1980 मध्ये सीरियाने पुन्हा स्वीकारला. दुसऱ्या ताऱ्याचा देश तोवर कधीच निघून गेला होता आणि 1979 मध्ये त्याने इस्रायलशी तहही केला होता. डिसेंबर 2024 मध्ये असद यांची राजवट कोसळली, तेव्हा दमास्कसमधल्या सरकारी इमारतींवरून तोच झेंडा उतरवला गेला.