आमची वाटचाल : सुरुवात लॉगिनच्या पानापासून

सांगलीत वेबसाइट बनवायचा धंदा सुरू केला तेव्हा आमच्या कोटेशनमधली एसएसएलची ओळ गिऱ्हाईक हमखास खोडायचं. एसएसएल म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक करायची सोय. शाळा, पतसंस्था, बेदाण्याचे व्यापारी अशी आमची मंडळी. त्यासाठी लागणाऱ्या, साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचे दरवर्षी पैसे, वर स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा वेगळा पत्ता, घ्यायचा. कारण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय, म्हणजे एकाच आयपीवर अनेक एसएसएल साइट चालवायची पद्धत, कळत नसे, आणि इथल्या ऑफिसांत तेव्हा एक्सपीच जास्त. "आमच्या साइटवर कुठं पैशाचा व्यवहार होतो?" असं विचारलं की आमचं बोलणंच खुंटायचं.

ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं. उघड्या वायफायवर दुसऱ्याची लॉगिन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरकडची खूण) उचलायची आणि त्याच्या नावाने आत शिरायचं, हे त्यानंतर कुणालाही क्लिकसरशी जमू लागलं. तेव्हापासून आम्ही समजावणं सोडून थेट दाखवायला लागलो. आमचा लॅपटॉप, आमचीच चाचणीची साइट, मागे वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहिती पकडून दाखवणारा प्रोग्राम, चालू. गिऱ्हाइकाला म्हणायचं, काहीही पासवर्ड टाका. मग पकडलेलं माहितीचं पॅकेट उघडायचं : वर युजरचं नाव, त्याला लागून पासवर्ड, साध्या अक्षरांत. एका पतसंस्थेच्या सचिवांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हे आत्ता मीच टाईप केलं ना?" एसएसएलची ओळ त्यांनी खोडली नाही.

तरी पूर्ण साइट एसएसएलवर न्यायला कुणी तयार नसे. जुन्या पानांतले फोटो, बाहेरून आणलेले विजेट साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे एसएसएलशिवाय, यायचे आणि ब्राउझर कुरकुर करायचा. म्हणून लॉगिन आणि अ‍ॅडमिन एवढंच बंदिस्त करायचं ठरलं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००८ च्या २.६ आवृत्तीपासून आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये 'फोर्स एसएसएल अ‍ॅडमिन' ट्रू केलं की झालं. फक्त लॉगिनपुरतं 'फोर्स एसएसएल लॉगिन'सुद्धा होतं, पण ते आम्ही कधी वापरलं नाही. पासवर्ड झाकायचा आणि पुढे अ‍ॅडमिनची कुकी उघड्यावर फिरवायची, याला काय अर्थ? २०१४ च्या ४.० मध्ये वर्डप्रेसनेच तो पर्याय मोडीत काढला.

ती एक ओळ सोपी, पण साइटच्या पुढे प्रॉक्सी (विनंत्या आधी स्वतःकडे घेऊन आत पाठवणारा सर्व्हर) असेल तर तीच घात करते. एसएसएलचं कवच प्रॉक्सीवरच उतरतं, आतल्या सर्व्हरला विनंती साधी एचटीटीपी दिसते. मग वर्डप्रेस म्हणतं एचटीटीपीएसवर (एसएसएलच्या पत्त्यावर) जा, ब्राउझर जातो, वर्डप्रेस पुन्हा तेच म्हणतं. शेवटी ब्राउझर 'खूप रिडायरेक्ट' म्हणून हात टेकतो. यावर उपाय म्हणजे प्रॉक्सीने पाठवलेला 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर (मूळ जोडणी कोणती होती ते सांगणारी विनंतीसोबतची नोंद) डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये वाचायचा आणि वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीला सांगायचं की जोडणी सुरक्षित आहे. हे चार-पाच ओळींचं काम आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात शिकतो.

डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी सेवा सगळ्यांसाठी खुली झाली आणि सर्टिफिकेट फुकट झालं. त्यावरचं आमचं कमिशन गेलं, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. कागदाच्या तुकड्यासारखी वस्तू विकताना कुणालाच आमचं काम दिसत नसे. एक्सपीही हळूहळू मागे पडलं, वेगळ्या आयपीची कटकट संपली. अर्धी साइट बंद, अर्धी उघडी हा प्रकार आम्ही नव्या कामांत थांबवला. जुनी मंडळी अडून होती ती जुलै २०१८ मध्ये हलली. क्रोमने प्रत्येक एचटीटीपी साइटपुढे 'नॉट सिक्युअर' लिहायला सुरुवात केली आणि फोन आमच्याकडे यायला लागले!

आता आम्ही पैसे घेतो ते देखभालीचे. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो, पण पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीची वाट) कुणी फायरवॉलमध्ये बंद केलं की साइट आपलीच आहे ना ही लेट्स एन्क्रिप्टची तपासणी अडते, म्हणून आमची स्क्रिप्ट रोज मुदत बघते. विकत घेतलेल्या सर्टिफिकेटांची मुदतही आटत चालली आहे. १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ मध्ये १००, २०२९ मध्ये ४७. ज्या मोजक्या संस्था अजून विकतचं सर्टिफिकेट हाताने बसवून घेतात, त्यांना आम्ही नूतनीकरणाच्या बिलासोबत हे आकडे लिहून पाठवतो.