श्वास घ्या, धरा

दुपारी गादीला ऊन दाखवायचं म्हणून उचलली तर खाली पिवळं पाकीट, आत एक्स-रे. कुणाचा ते कळेना, वरचं नाव पुसलंय. एक्स-रे गादीखालीच का ठेवतात हे मला विचारू नका, वाकू नये म्हणून असेल, पण घरोघरी तीच जागा. भंगारवाला घेतो म्हणे, त्यात चांदी असते, आणि असते खरंच, पण घरच्या माणसाच्या बरगड्या काट्यावर कशा घालायच्या?

पाकिटातून काढला की आधी खिडकीकडे धरायचा आणि डोळे बारीक करून "हं" म्हणायचं. काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे हाड, एवढ्या भांडवलावर आमच्याकडे सगळेच डॉक्टर. सरळ धरला की हृदय आपल्या उजव्या हाताला दिसतं, कारण माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजून बघायचं असतं, पण आमच्या काकांना ते कधी पटलं नाही, ते फिल्म उलटी करून हृदय डावीकडे आणायचे तेव्हाच त्यांचं समाधान.

आणि ग्रहण! 1995 च्या दिवाळीत, 24 ऑक्टोबरला, सकाळी सकाळी अख्खी बिल्डिंग गच्चीवर, प्रत्येकाच्या हातात जुना एक्स-रे, आणि सूर्य कुणाच्या तरी फुप्फुसातून चाललेला. (त्याने डोळे वाचत नाहीत, आता करू नका.) रॉन्टजेन या जर्मन शास्त्रज्ञाला हे एक्स-किरण दिसले 8 नोव्हेंबर 1895 ला, म्हणजे आम्ही गच्चीवर होतो तेव्हा शंभर वर्षं भरायला पंधराच दिवस बाकी होते, कुणाच्या गावीही नव्हतं. त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला तर हाडांबरोबर बोटातली अंगठीही आली. आपल्याला मात्र आधी सगळं काढून ठेवायला लावतात, चेन, मंगळसूत्र, गळ्यातला ताईत, हुकवालं काहीही, वर गाऊन. माझी तर वेणीसुद्धा वर बांधायला लावली होती, जाड वेणीची सावली पडते म्हणे फुप्फुसावर. लहानपणापासून केस पातळ म्हणून ऐकून घेतलेल्या बाईला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय हवं!

मग ती गार प्लेट. छाती चिकटवा, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. पाठीकडून किरण सोडतात, हृदय प्लेटजवळ राहिलं की उगाच मोठं दिसत नाही. गरोदर आहात का विचारतात, ते मात्र लाजत न बसता आधीच सांगावं. बाकी घाबरण्यासारखं काही नाही, छातीच्या एका एक्स-रेत जेवढं रेडिएशन तेवढं आपल्याला नुसतं जगताना थोड्याच दिवसांत मिळतं, एक्स-रे काढणारा मुलगा काचेमागे पळतो कारण त्याला दिवसभर हेच करायचंय. आतून आवाज येतो, श्वास घ्या... धरा. मोठा श्वास घेतला की छाती-पोटामधला पडदा खाली जातो, फुप्फुस पूर्ण दिसतं, हललं की फोटो धूसर. टक्. संपलं पण. "सोडा" ते कधी मोठ्याने म्हणत नाहीत, मी आपली फुगलेली उभी.

आईला शेवटी शेवटी श्वास धरताच यायचा नाही. धरा म्हटलं की खोकला. मग तो मुलगा काचेमागून बाहेर आला, तिचा खांदा नीट केला, म्हणाला, "राहू द्या आजी, जमेल तेवढा घ्या." फोटो जरा हललेला आला. डॉक्टर म्हणाले, चालेल, दिसतंय.