कर्लीच्या खाडीत, अर्ध्या चोकवर

देवबागहून कर्ली खाडीने वालावलला होडीने जायचे, हे आमचे दोन वर्षांपासून ठरत होते आणि मोडत होते. कुडाळहून रस्त्याने वालावल गाठणे अगदी सोपे आहे. परंतु लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे पाण्यावरून, भरतीच्या ओढीबरोबर, दोन्ही काठांच्या माडांमधून जावे, असा माझा हट्ट होता. पावसाळ्यात मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात, त्यामुळे यंदा गणपती विसर्जनानंतरचा आठवडा गाठून आम्ही दोघे पतिपत्नी देवबागला पोहोचलो. होडी चालवणारे तांडेल साठीच्या आसपासचे होते आणि त्यांच्याबरोबर मदतीला त्यांचा अठरा-एकोणीस वर्षांचा भाचा होता. फायबरची होडी आणि मागे १५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. होडी पाण्यात उतरून चारच दिवस झाले होते.

सकाळची भरती धरून निघालो. समोरच्या काठावरचे कोर्जाई मागे पडले, खाडी अरुंद होत गेली आणि काठाला चिपी व कांदळाची दाटी सुरू झाली. एका फांदीवर खंड्या बसला होता, त्याला जवळून पाहता यावे म्हणून तांडेलांनी इंजिन मंद केले. पाहून झाल्यावर त्यांनी गती वाढवायची मूठ पुन्हा फिरवली, तर इंजिन उठण्याऐवजी खोकले, गुदमरले आणि पुन्हा मंद गतीवर येऊन शांतपणे चालू लागले. दुसऱ्यांदा मूठ अगदी सावकाश फिरवली. पाव फेरीपर्यंत गती थोडी वाढली आणि तिथून पुढे तोच प्रकार झाला.

“रेस घेणा नाय,” तांडेल म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, नोंद होती.

या ठिकाणी एक कबुली देणे भाग आहे. मी पुण्यात एका कारखान्यात डिझेल इंजिनांच्या चाचणी विभागात पंचवीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे बिघडलेले इंजिन दिसले की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. मंद गतीवर इतके सुरळीत चालणारे इंजिन पुढे का उठत नाही, याची चार-पाच कारणे मी बसल्या जागी मोजून दाखवली. तांडेलांनी ती सर्व आदराने ऐकून घेतली आणि भाच्याला नांगर टाकायला सांगितला.

नांगर टाकण्याची खरे तर घाई नव्हती. भरती अजून तासभर तरी चालणार होती आणि ती आम्हाला वालावलच्याच दिशेने नेत होती. ओहोटीने परतही आणले असते. अडचण परतीच्या टोकाला होती. देवबागच्या मुखाशी ओहोटीचे पाणी वाळूच्या पट्ट्यांवरून वेगाने समुद्रात ओढले जाते, आणि तिथे इंजिनाला ताकद नसेल तर होडी कुठे जाईल हे होडीवाल्याच्या हातात राहत नाही. इंजिनाचे काय ते इथेच, कांदळाच्या आडोशाला, सपाट पाण्यात पाहायला हवे होते.

पहिला संशय जाळ्याचा. पंख्याला जाळे किंवा प्लास्टिक गुंडाळले की इंजिनावर भार येतो आणि ते उठत नाही. “जाळा अडाकला आसतला,” असे म्हणत भाच्याने इंजिन वर उचलले. पंखा स्वच्छ होता. तसेही न्यूट्रलमध्ये मूठ फिरवली तरी गती वाढत नव्हती, म्हणजे दोष पंख्याकडे नव्हता, हे मी सांगितले आणि माझी पत्नी कौतुकाने माझ्याकडे पाहू लागली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धारही जोरात होती, म्हणजे इंजिन तापलेलेही नव्हते.

मग पेट्रोलचा मार्ग. या इंजिनांची टाकी होडीत सुटी ठेवलेली असते. तिच्या झाकणावर हवा आत जाण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल येणे कमी होते. मंद गतीला लागणारे थोडेसे पेट्रोल कसेबसे मिळते, जास्त मागितले की मिळत नाही. स्क्रू उघडा होता. तांडेलांनी सबंध झाकणच सैल करून पाहिले, हवा ओढल्याचा आवाज आला नाही. नळीवरचा रबरी बल्ब दाबला तर तो दगडासारखा घट्ट लागला. इंजिन चालू असताना भाचा बल्ब दाबत राहिला आणि तांडेलांनी मूठ फिरवली. इंजिनाचा पेट्रोल पंप दुबळा असता तर हाताच्या दाबाने गती वाढायला हवी होती. ती वाढली नाही. पेट्रोल कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, दारापर्यंत व्यवस्थित पोहोचत होते.

“मग स्पार्क,” मी जाहीर केले. तांडेलांनी वाद न घालता टाकी दूर सरकवली, वरचे झाकण काढले, दोन्ही प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवले आणि दोरी ओढली. दोन्हींवर निळा, टणक स्पार्क पडला. मी तरीही म्हणालो की भार आल्यावर स्पार्क तुटू शकतो. हे तत्त्वतः खरे आहे. पण त्या क्षणी मी ते केवळ आपला मुद्दा राखण्यासाठी म्हणत होतो. तांडेलांनी मात्र प्लग माझ्या हातात दिले. टू-स्ट्रोकच्या प्लगचा रंग कॉफीसारखा तपकिरी असावा. हे दोन्ही राखेसारखे फिकट पडले होते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत असल्याची ती खूण मी कारखान्यातल्या नव्या मुलांना शिकवत असे.

प्लग परत बसवून इंजिन चालू केल्यावर तांडेल भाच्याला म्हणाले, “चोक अर्धो ओढ.” भाच्याने चोक अर्धा ओढला आणि मूठ फिरताच इंजिन पांढरा धूर सोडत एकदम उठले, चार-पाच सेकंद चांगले गरजले आणि चोक सोडताच पुन्हा खाली बसले. “काकानू, पेट्रोल येता, पण होया तितक्या येणा नाय,” भाचा मला म्हणाला.

चोक ओढला म्हणजे हवा कमी होते आणि इंजिन त्याच्या मोबदल्यात जास्त पेट्रोल ओढते. चोकवर इंजिन उठत असेल तर स्पार्क ठीक आहे, पेट्रोल कमी पडते आहे, हे एका हालचालीत सिद्ध होते. मंद गतीचे पेट्रोल कार्बोरेटरमध्ये वेगळ्या बारीक वाटेने येते. मूठ फिरवून झडप उघडली की ते मुख्य जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, यावे लागते. आमच्या इंजिनाची छोटी वाट मोकळी होती, मोठी तुंबली होती. अर्ध्या चोकवरच वालावल गाठू या, असे मी सुचवले, त्यावर तांडेलांनी नकारार्थी मान हलवली. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळते. पेट्रोल अपुरे तर तेलही अपुरे, आणि अशा इंजिनाला जबरदस्तीने पळवले तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकून बसतो.

इंजिन बंद झाले आणि खाडी अचानक ऐकू येऊ लागली. भाच्याने होडीतली एक करवंटी कार्बोरेटरखाली धरली आणि तांडेलांनी तळाचा स्क्रू सोडला. करवंटीत हिरवट पेट्रोल जमले आणि त्याच्या तळाशी एक रंगहीन, जाडसर थेंब इकडून तिकडे घरंगळू लागला. ते पाणी होते. कार्बोरेटरची पेट्रोल साठणारी वाटी उघडल्यावर तिच्या तळाशी पांढरट चिकट साका दिसला, आणि जेट काढून आकाशाकडे धरले तर पितळेच्या भोकातून उजेडच येत नव्हता. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून धरते. प्रमाणाबाहेर पाणी मिसळले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. चार महिने दमट हवेत, कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल ठेवून पडून राहिलेल्या इंजिनाचे दुसरे काय होणार?

मी खिशातून पिन काढली. “तार घालू नको रे, भोक वाडात,” हे तांडेल भाच्याला म्हणाले, मला नाही. पण पिन मी मुकाट्याने परत ठेवली. पितळ मऊ असते आणि जेटचे भोक ठराविक मापाचे असते. तांडेलांनी गळाच्या गुंडाळीतला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, वीतभर कापला, त्याचे टोक तिरके छाटले आणि चष्मा कपाळावर सरकवून ते जेटमध्ये हळूहळू फिरवले. मग ताज्या पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून, ते पुन्हा आकाशाकडे धरले. या वेळी भोकातून उजेडाचा गोल, टाचणीच्या डोक्याहून लहान ठिपका दिसला. तो पाहायला आम्ही चौघेही जवळ आलो आणि होडी एका अंगाला कलली.

दुसऱ्या ओढीला इंजिन चालू झाले. मूठ फिरताच होडीचे नाक वर आले.

या सगळ्यात दीड तास गेला आणि भरती संपत आली होती, त्यामुळे वालावलला आम्हाला फक्त वीस मिनिटे मिळाली. देऊळ आणि शेजारचा तलाव इतक्या घाईने पाहू नये, पण आम्ही पाहिला. परत आलो तेव्हा तांडेल पेट्रोलच्या कॅनमधले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ते उन्हात धरून बसले होते. बाटलीत दोन बोटांवर एक अस्पष्ट रेघ होती. रेघेच्या वर हिरवट, खाली स्वच्छ. त्यांनी कॅन न हलवता वरचे पेट्रोल सावकाश टाकीत ओतले, तळाचे तसेच ठेवले आणि पावसात या कॅनचे झाकण कोणी उघडे टाकले होते, असे भाच्याला विचारले. भाचा नांगराची दोरी गुंडाळण्यात फारच गुंतला होता.