पळी आपल्याच हातात

इस्तंबूलला, सुलतानअहमद भागातल्या हॉटेलात, पहिल्या सकाळी नाश्त्याला खाली उतरलो आणि आई दारातच थबकली. "लग्न आहे का रे कुणाचं?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. एक अख्खी भिंत नुसत्या चीजची. पांढरं, पिवळं, मुलीची वेणी घालावी तसं वळलेलं. पाटीवर लिहिलेलं 'पेयनिर'. म्हणजे आपलं पनीरच की! पलीकडे तिळात घोळवलेली, बांगडीसारखी पावाची कडी, म्हणजे 'सिमीत', रचलेली. आणि मधोमध, लाकडी चौकटीत उभं टांगलेलं मधाचं पोळं. त्यातून मध एकेक थेंब खालच्या पन्हळीत उतरत होता, कसलीही घाई नसल्यासारखा.

न्याहारीला तुर्की भाषेत 'काहवाल्ती' म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधीचं. कॉफीपूर्वी पोटाला जरा आधार. एवढ्याशा आधारासाठी एवढा दारूगोळा! शिवाय ही मंडळी नाश्त्याबरोबर पितात चहा, तोही कमरेत बारीक असलेल्या इवल्या काचेच्या पेल्यांतून.

नाश्ता खोलीच्या भाड्यातच आहे हे कळलं की माझी भूक हिशोबी होते. मी बशीत डोंगर रचला. त्याच्या शिखरावर काळी टपोरी जांभळं. जागेवर येऊन पहिलं तोंडात टाकलं आणि जिभेवर मिठागर उघडलं. ऑलिव्ह! तोवर कलिंगडाचं पाणी अंड्याखाली शिरलं होतं आणि केकचा पाया खचला होता. पानात टाकायचं नाही, हे लहानपणी पाठीत धपाटा खाऊन शिकलेला माणूस मी. अकरा ऑलिव्ह मोजून संपवले. बायको शांतपणे बघत होती.

पंगतीत हे होत नाही. तिथे मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि कुणी कुणाच्या हद्दीत शिरत नाही. आपण नको म्हणायचं, पानावर हात आडवा धरायचा, वाढप्याने तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचीच. नको म्हणण्यात सुद्धा एक रुबाब असतो. बुफेत यजमान आपण, पाहुणे आपण आणि वाढपीही आपणच. नको म्हणायचं ते कुणाला?

आईला तर ते झेपतच नव्हतं. ती खुर्चीवर बसून राहिली. "येईल ना कुणी वाढायला?" शेवटी एका पोऱ्याने रिकामी बशी तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "ताबाक." आईचा चेहरा उजळला. "तबक म्हणाला ना रे तो?" पुढे चहाच्या दुमजली किटलीला तो 'चायदानलिक' म्हणाला, तेव्हा तर तिला परदेशात आल्यासारखं वाटेनासंच झालं.

तिने बशीत फक्त तीन गोष्टी घेतल्या : अर्धं सिमीत, मध आणि कायमाक. कायमाक म्हणजे घट्ट, सुरळी करता येईल अशी दुधाची साय. अफ्योनचं नावाजलेलं, म्हशीच्या दुधाचं. अफ्योन हे गावाचं नावच अफूवरून पडलं. तिथल्या म्हशींना खसखशीचं तेल काढून उरलेली पेंडही घालतात. मी हे सांगेपर्यंत आईचा घास चावून झाला होता. "साय आहे ही," ती म्हणाली. "अशीच खाऊन संपवतात? विरजण नाही लावत?" चार दिवसांची साय साठवून लोणी काढणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही उधळपट्टीच. तिने आणखी दोन चमचे घेतले.

चौथ्या दिवशी मी चहा घेऊन परतलो तर आई जागेवर नाही. ती मेनेमेनच्या पातेल्याशी उभी होती. टोमॅटो, मिरची घातलेली ही पातळसर अंडाभुर्जीच. समोर एक वयस्कर तुर्की गृहस्थ, एका हातात काठी, दुसऱ्यात बशी. झाकण कोणत्या हाताने उघडावं या पेचात असावेत. आईने पळी उचलली आणि वाढलं. त्यांनी बशी काठीच्याच हातात कशीबशी सांभाळत उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली. तिकडे याचा अर्थ, पुरे, आभारी आहे.

आईला तो माहीत नव्हता. "संकोच करू नका हो," म्हणत तिने आणखी अर्धी पळी वाढली.