प्रश्न क्रमांक एक, अध्यक्ष महोदय

लंडनमध्ये राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली. एवढ्या वर्षांत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी थेम्स नदीवरच्या पुलावरून ब्रिटिश संसदेची इमारत दाखवली आणि घड्याळाच्या मनोऱ्यासमोर त्यांची छायाचित्रे काढली. पण आत पाऊल ठेवले ते गेल्या हिवाळ्यात, आणि तेही पर्यटक म्हणून नव्हे. निवासाच्या परवानगीचे नूतनीकरण व्हावे म्हणून मी एका सरकारी खात्याकडे अर्ज केला होता, सोबत मूळ कागदपत्रे दिली होती, आणि सात महिने उलटले तरी ना निर्णय कळला ना कागदपत्रे परत मिळाली. त्याच काळात आईची शस्त्रक्रिया झाली आणि मला भारतात जाता आले नाही. फोनवर प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळत होते की, अर्ज विचाराधीन आहे. शेवटी मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र लिहिले.

भारतातल्या अनेकांना ठाऊक नसते म्हणून सांगतो: ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून इथल्या संसदीय निवडणुकीत मतदान करता येते. त्यामुळे मी या देशाचा नागरिक नसलो तरी मतदार आहे. खासदारबाईंच्या कार्यालयातून आठवडाभरात फोन आला. त्यांनी माझ्या अर्जाबाबत खात्याला पत्र पाठवले आणि शिवाय संबंधित मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारला की, सहा महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित राहिलेले अशा प्रकारचे अर्ज किती आहेत. माझे नाव त्या प्रश्नात कुठेही नव्हते. संसदेच्या संकेतस्थळावर तो प्रश्न मी माझ्या डोळ्यांनी वाचला: त्याला क्रमांक होता, विचारल्याची तारीख होती आणि उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे तेही लिहिलेले होते.

उत्तर आले ते तीन ओळींचे. मागितलेली माहिती त्या स्वरूपात ठेवली जात नाही आणि ती गोळा करायची तर प्रमाणाबाहेर खर्च येईल, एवढाच त्याचा अर्थ होता. यामागे एक नियम आहे. एखाद्या लेखी प्रश्नाचे उत्तर तयार करण्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जात असेल, तर मंत्री तसे सांगून माहिती नाकारू शकतात. ही मर्यादा बराच काळ 850 पौंड इतकी राहिली आहे. नियम वाचून मी निराश झालो, पण खासदारांच्या कार्यालयातील तरुण साहाय्यक मात्र जराही निराश दिसला नाही. त्याने मला समजावले की, असे उत्तर म्हणजे दार बंद होणे नव्हे, तर प्रश्न नीट विचारला गेला नाही याची खूण आहे. मग खात्याकडे कोणती आकडेवारी आधीपासूनच असते ते पाहून प्रश्नाची नव्याने मांडणी करायची. त्याच्या त्या सहज बोलण्याने मला ही सगळी व्यवस्था जवळून पाहावीशी वाटली.

ब्रिटनमधील प्रश्नोत्तरे म्हटली की आपल्याकडे दूरचित्रवाणीवर दिसणारा बुधवार आठवतो. दुपारी बारा वाजता पंतप्रधान उभे राहतात, विरोधी पक्षनेत्यांना सहा प्रश्न विचारता येतात आणि साधारण अर्धा तास दोन्ही बाजूंच्या बाकांवरून आरडाओरडा चालतो. 1961 पासून पंतप्रधानांच्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवलेली आहे. पूर्वी मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटे असत, ती 1997 मध्ये टोनी ब्लेअर यांनी एकत्र करून बुधवारी आणली. तो अर्धा तास एकदा पाहावा असाच आहे. पण सरकार काय करते आहे हे समजून घ्यायचे असेल, तर त्या अर्ध्या तासातून फार थोडे हाती लागते असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी मंगळवार निवडला. त्या दिवशी साडेअकरा वाजता परराष्ट्र खात्याची पाळी होती. प्रत्येक मोठ्या खात्याच्या मंत्र्यांना साधारण पाच आठवड्यांतून एकदा सभागृहात उभे राहावे लागते आणि ही पाळी टाळण्याची सोय नाही.

सुरक्षा तपासणी संपवून मी मधल्या मोठ्या दालनात पोहोचलो तेव्हा अध्यक्षांची मिरवणूक तिथून जाण्याच्या बेतात होती. एका पोलीस अधिकाऱ्याने टोप्या काढण्याची खणखणीत आज्ञा दिली, पोलिसांनी शिरस्त्राणे उतरवली, आणि क्षणभर दालनात चिटपाखरूही नसावे अशी शांतता पसरली. सभागृहात प्रार्थना होईपर्यंत प्रेक्षकांना आत सोडत नाहीत. त्यानंतर आम्ही वरच्या सज्जात, जाड काचेच्या मागे जाऊन बसलो.

पहिल्यांदा जाणवते ती सभागृहाची लहान चण. सदस्य 650 आणि बसण्याची सोय जेमतेम 427 जणांची. 1941 च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बफेकीत जुने सभागृह जळाले. ते पुन्हा बांधताना आकार वाढवू नये असा चर्चिल यांचा आग्रह होता, आणि 1950 मध्ये तेवढेच लहान सभागृह पुन्हा उभे राहिले. राष्ट्रकुलातील देशांनी त्या वेळी भेटी पाठवल्या. अध्यक्षांचे आसन ऑस्ट्रेलियाचे आहे, मधले टेबल कॅनडाचे आहे, मंत्री ज्या पेटीवर कागद ठेवून बोलतात ती न्यूझीलंडची आहे आणि सभागृहात शिरण्याचे दरवाजे भारताने आणि पाकिस्तानने दिलेले आहेत. ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली आणि ते दरवाजे मी बराच वेळ पाहत राहिलो.

मग कामकाज सुरू झाले. ज्या सदस्याचे नाव आधीच संगणकीय सोडतीत पहिले निघाले होते, तो उठून ‘प्रश्न क्रमांक एक, अध्यक्ष महोदय’ एवढेच म्हणून खाली बसला. प्रश्न छापील पत्रिकेवर असतो, तो वाचून दाखवत नाहीत. मंत्री रंगीत चिकटपट्ट्या लावलेली जाडजूड फाइल घेऊन उठले आणि तयार उत्तर त्यांनी वाचून दाखवले. इथपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे असते. खरी परीक्षा पुढच्या उपप्रश्नात असते, कारण तो काय असेल हे मंत्र्यांना आधी कळत नाही. सदस्याने वाकून आपल्या कागदाकडे पाहिले आणि परदेशी तुरुंगात असलेल्या आपल्या मतदारसंघातील एका माणसाबद्दल विचारले: ब्रिटिश दूतावासाचा अधिकारी त्याला शेवटचा कधी भेटला? मंत्र्यांनी फाइलची दोन पाने उलटली. अध्यक्षांच्या आसनामागे एका बाजूला खात्याचे अधिकारी बसतात. तिथून एक चिठ्ठी हातोहात पुढच्या बाकापर्यंत आली. मंत्र्यांनी ती वाचली, तारीख सांगितली आणि त्या कुटुंबाला स्वतः भेटण्याचे कबूल केले. हे सगळे एका मिनिटात झाले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याची ओळसुद्धा आली नसेल, पण ते वचन काही तासांतच हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत शब्दशः अहवालात, प्रसिद्ध झाले आणि आता ते कोणालाही पुसता येणार नाही.

परराष्ट्र धोरणावरच्या उत्तरांना किती वजन असते याचे एक उदाहरण इथे कोणी विसरलेले नाही. नाझनीन झाघरी-रॅटक्लिफ या ब्रिटिश-इराणी महिलेला एप्रिल 2016 मध्ये तेहरानच्या विमानतळावर अटक झाली. ती नातेवाइकांना भेटायला गेली होती. 1 नोव्हेंबर 2017 रोजी संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे उत्तर देताना तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन म्हणाले की, ती लोकांना पत्रकारिता शिकवत होती. काही दिवसांतच तिला इराणच्या न्यायालयात पुन्हा उभे करण्यात आले आणि मंत्र्यांचे हेच वाक्य तिच्याविरुद्ध पुढे करण्यात आले. 13 नोव्हेंबरला जॉन्सन यांना सभागृहात येऊन ते विधान मागे घ्यावे लागले. ती घरी परतली ते थेट मार्च 2022 मध्ये, आणि मधल्या सर्व काळात तिच्या मतदारसंघाच्या खासदार ट्युलिप सिद्दिक तिच्याविषयी सभागृहात प्रश्न विचारत राहिल्या. मंत्री तयारीविना बोलला तर काय होते आणि खासदार चिकाटीने विचारत राहिला तर काय होते, हे दोन्ही या एकाच प्रकरणात दिसते.

पण चुकीच्या उत्तराहून घातक असते ते अर्धे उत्तर. इराण-इराक युद्धाच्या काळात दोन्ही देशांना लष्करी साहित्य विकण्यावर ब्रिटनने निर्बंध घातले होते आणि ते सभागृहाला जाहीरही केले होते. युद्ध थांबल्यावर डिसेंबर 1988 मध्ये तीन खात्यांच्या कनिष्ठ मंत्र्यांनी ते आपापसात सैल केले, आणि खासदारांनी विचारल्यावर मात्र धोरण बदललेले नाही अशा आशयाची उत्तरे दिली जात राहिली. दरम्यान कॉव्हेंट्री येथील मॅट्रिक्स चर्चिल या यंत्रनिर्मिती कंपनीच्या संचालकांवर निर्यातीवरून खटला भरला गेला. एका माजी मंत्र्याच्या साक्षीनंतर नोव्हेंबर 1992 मध्ये तो कोसळला. न्यायमूर्ती स्कॉट यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी 1996 मध्ये आला, तेव्हा त्यावरील मतदानात सरकार 320 विरुद्ध 319 अशा एका मताने वाचले. माझ्या दृष्टीने त्या मतदानापेक्षा पुढच्या वर्षी झालेला ठराव महत्त्वाचा आहे. मंत्र्यांनी संसदेला अचूक आणि सत्य माहिती द्यावी, अनवधानाने चूक झाल्यास ती पहिल्या संधीला दुरुस्त करावी, आणि जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्याने राजीनामा देऊ करावा, असे 1997 च्या मार्चमध्ये सभागृहाने लिहून ठेवले. पंतप्रधान असताना सभागृहाची दिशाभूल केली असा निष्कर्ष विशेषाधिकार समितीने जून 2023 मध्ये याच जॉन्सन यांच्याबद्दल काढला, आणि तो अहवाल सभागृहाने 354 विरुद्ध 7 मतांनी मान्य केला. समितीचे निष्कर्ष हाती पडताच, अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच, त्यांनी खासदारकी सोडली होती.

या व्यवस्थेत उणिवा आहेत आणि त्यांकडे काणाडोळा करणे योग्य होणार नाही. नोव्हेंबर 2023 ते जुलै 2024 या काळात डेव्हिड कॅमेरॉन परराष्ट्रमंत्री होते, पण ते वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. त्यामुळे युक्रेन आणि गाझा येथील युद्धे पेटलेली असताना लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांना परराष्ट्रमंत्र्यांना सभागृहात थेट प्रश्न विचारताच येत नव्हता, त्यांच्या वतीने राज्यमंत्री अँड्र्यू मिचेल उत्तरे देत. मला हे अजिबात पटले नाही. उलट तातडीच्या प्रश्नाची इथली पद्धत मात्र मला फार मोलाची वाटते: सकाळी सदस्याने अर्ज करायचा, अध्यक्षांनी तो मान्य केला की त्याच दिवशी सरकारला मंत्री पाठवून सभागृहात उत्तर द्यावे लागते.

आपल्याकडच्या लोकांना हे सारे परके वाटू नये. तारांकित आणि अतारांकित प्रश्न, उपप्रश्न हे आपण याच परंपरेतून घेतले आणि आपल्या पद्धतीने घडवले. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचे प्रकरण लोकसभेत उघड झाले, फिरोज गांधी यांनी ते लावून धरले आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. स्वपक्षाच्या सरकारला असे अडचणीचे प्रश्न विचारणारा सदस्य कोणत्याही देशाच्या संसदेत असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून गोंधळामुळे प्रश्नोत्तराचा तास वाहून गेल्याची बातमी इथे बसून वाचतो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

माझी कागदपत्रे मार्चमध्ये परत मिळाली आणि परवानगीही मिळाली. आईला भेटून आलो. ती आता काठी न घेता चालते. मी खासदारांच्या कार्यालयात आभार मानायला गेलो, तेव्हा तो साहाय्यक संगणकावर दुसऱ्या लेखी प्रश्नाचे उत्तर वाचत होता. या वेळी खात्याने तिमाही आकडेवारीचा एक तक्ता जोडला होता, पण त्यात सहा महिन्यांहून जुने अर्ज वेगळे दाखवलेले नव्हते. माझे काम झाले असले तरी हा प्रश्न सोडायचा नाही असे त्यांनी ठरवले होते, कारण त्यांच्याकडे अशीच पत्रे आणखीही काही जणांची आली होती. त्याने माझ्यासमोरच तिसऱ्या प्रश्नाचा मसुदा लिहिला, ‘प्रलंबित’ या शब्दाऐवजी खात्याच्याच तक्त्यातील शब्द घातला आणि उत्तराचा दिवस नेमून मागितला. तो दिवस येत्या गुरुवारी आहे.