माळवदाची दुरुस्ती : माझा अनुभव

सोलापुरात कसब्यातलं आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे लाकडांवर माती पसरलेल्या सपाट छताचं. मधल्या खणातली तुळई, म्हणजे छत पेलणारं मुख्य आडवं लाकूड, वाकलेली दिसायला लागली, तशी दुरुस्तीची चौकशी सुरू केली. पहिल्या ठेकेदारानं कागदावर एवढंच लिहून दिलं, 'छत काढून स्लॅब टाकणे', आणि खाली आकडा. दगडमातीच्या भिंती तो स्लॅब पेलतील का, यावर तो काही बोलेना. दुसरा पत्रे घाला म्हणत होता. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या पुढं असतो. पत्र्याखाली काकूंनी दुपार कशी काढायची?

शेवटी जुन्या वाड्यांची कामं करणारे एक वयस्कर मिस्त्री मिळाले. ते आधी वर चढलेच नाहीत. खालूनच एकेक लाकूड हातोडीनं ठोकत फिरले. बोलता बोलता वजन कुठून कुठं उतरतं तेही दाखवलं. वर माती, तिच्याखाली पाला, त्याखाली किलच्या म्हणजे आडव्या लाकडी चिपा. किलच्या कड्यांवर म्हणजे बारीक वाशांवर, कड्या तुळईवर, तुळईचं एक टोक खांबावर न् दुसरं भिंतीत. खांब दगडी उथळ्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर. लाकूड ठणठण वाजलं तर शाबूत, बद्द वाजलं तर आतून गेलेलं. कड्या सागाच्या, बहुतेक ठणठणीत निघाल्या. तुळईचं भिंतीतलं टोक मात्र कुजलं होतं. बाहेरून बरोबर तिथंच पन्हाळ फुटलेली. पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरत होतं.

मग वर जाऊन त्यांनी पहारीनं माती उकरली. "मालक, दरसाल माती टाकतच गेलाव तुमी. काढली कधी?"

थर फूटभराहून जाड होता. घनफूटभर माती पन्नास किलोच्या आसपास भरते; दहा बाय दहाच्या खणावर फूटभर माती म्हणजे जवळपास पाच टन. हिशेब ऐकून मला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवली. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडं जी घरं बसली, त्यातली कितीतरी अशीच होती, जाड दगडी भिंतींची आणि वर जड माळवदाची.

काम उन्हाळ्यातच उरकलं. आधी तुळईला बल्ल्यांचे टेकू दिले, मग माती काढली, तीही दोन्ही अंगांनी सारखी. तुळईच्या जागी लोखंडी गर्डर आला. (काकू अजून त्याच्याकडं बघून नाक मुरडतात.) भिंतीत त्याच्या टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा बसवला, म्हणजे भार एका जागी रुतत नाही. चांगल्या कड्या परत चढल्या. त्यांवर नव्या किलच्या, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, चिखल, आणि वर पांढरी माती, पूर्वीच्या निम्म्याहून कमी जाडीची, नव्या पन्हाळीकडं ढाळ देऊन. सवणं, म्हणजे उजेडासाठी छताला ठेवलेलं भोक, तसंच ठेवून वर काच बसवली. स्वयंपाकघरात उजेड यायला दुसरी वाटच नाही.

पैशांचं बोलणं सोपं गेलं, कारण मिस्त्रींच्या कागदावर तुळई, कड्या, किलच्या, माती, मजुरी असं सगळं वेगवेगळं मांडलेलं होतं. तुळईचा कुजका भाग कापून उरलेलं सागवान त्यांनीच घेतलं आणि मजुरीतून वळतं केलं. जुन्या सागाला गिऱ्हाईक असतं. ठेकेदाराला 'छत काढून' सांगितलं असतं, तर ते लाकूड मलब्यासोबतच गेलं असतं.