ड्रॉप्सवरची टेप कोरी होती

मी सायकल फिटिंगचं काम करते. म्हणजे माणसाची मापं घ्यायची, सायकलची घ्यायची आणि सीट, हँडल, पेडल सगळं त्या माणसाच्या अंगाला बसेल असं लावून द्यायचं. गुडघे दुखतात, मान आखडते, पंजे सुन्न पडतात, असं काही ना काही घेऊन रोज कुणीतरी येतंच, आणि त्यातलं बरंचसं तास-दीड तासात मार्गी लागतं. पण एक केस अशी झाली की त्यानंतर माझी काम करायची पद्धतच बदलली, म्हणून लिहून काढतेय.

त्या ताई फिटिंगसाठी आल्याच नव्हत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच. दोन वर्षं चालवलेली रोड बाईक सोबत आणलेली, त्यावर साइज लिहिलेली ५१. आमच्याकडे त्याच प्रकारची ४७ लावलेली होती, ती त्यांनी आधी येऊन बघून ठेवली होती. म्हणाल्या, "मॅडम, ही विकायची आणि ती लहानवाली घ्यायची, माझं ठरलंय. तुम्ही फक्त एकदा बघून हो म्हणा."

मी त्यांच्या सायकलकडे बघत होते आणि माझी नजर हँडलला गुंडाळलेल्या टेपवर अडली. दोन वर्षं रोज चालवलेली सायकल, पण खालच्या वाकलेल्या भागावरची, ड्रॉप्सवरची टेप अगदी कोरी होती, नवीन सायकलवर असते तशी, त्यावरची बारीक नक्षीसुद्धा पुसली गेली नव्हती. ब्रेकच्या वरचे रबरी हूड, जिथे खरं तर माणसाचे हात सगळ्यात जास्त वेळ असायला हवेत, तेही जवळजवळ तसेच. झिजली होती ती फक्त हूडच्या मागची, जिथे हँडल पुढे वळतं तिथली चार बोटं जागा. ती काळी पडून गुळगुळीत झाली होती आणि एका बाजूला पार फाटली होती. म्हणजे ही बाई दोन वर्षं तिथेच धरून चालवत होती कारण त्याच्या पुढे हात पोचतच नव्हता, आणि तिथून ब्रेक तर लांबच.

मी विचारलं, उतारावर ब्रेक कसा लावता? त्या म्हणाल्या, "पुढे सरकते, सीटच्या टोकावर येते, मग पोचतो." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मलाच धस्स झालं. उतारावर, वेगात, ब्रेक लावायचा म्हणून बूड उचलून पुढे सरकायचं, म्हणजे नेमकं वजन मागे हवं तेव्हा ते पुढच्या चाकावर टाकायचं.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइडला, गेल्या होत्या, त्याला साडेतेरा तासांची वेळ असते, वेळ हातात राखूनच चालल्या होत्या, पण १४० किलोमीटरला डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट लाकडासारखं झालं, गिअर टाकायला आख्खा पंजा लिव्हरवर ढकलावा लागत होता, शेवटी सोडून दिलं. चालवता चालवता कधी पाणी प्यायल्या नव्हत्या, बाटली काढायला एक हात सोडला की दुसऱ्यावर एवढा भार यायचा की तोल जायचा, म्हणून प्रत्येक वेळी थांबून प्यायच्या. आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एकच सांगितलं, सवय होईल, पोटाचे स्नायू कमजोर आहेत, कोपरं वाकवा. त्यांनी सहा महिने प्लँक मारले होते हो! मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या की पुढच्या नाजूक जागीही बधिर होतं, हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं बरं झालं सांगितलंत, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना हे होतं, आणि ते सोसायचं दुखणं नाही.

सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येईल अशा स्टँडवर, चढवली आणि मापं घेतली. पायाची आतली लांबी ६८ सेंटिमीटर. तिला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते, म्हणजे ६० सेंटिमीटर. हा नुसता सुरुवातीचा आकडा असतो, पुढे गुडघ्याचा कोन बघून ठरवायचं. त्यांची सीट उंचीला ठीक होती पण रेल्सवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यांवर, पार पुढे ढकललेली, खुणेच्याही पुढे, आणि नाक खाली झुकवलेलं. हँडल लांब वाटतंय म्हणून कुणीतरी हा उपाय करून दिलेला. पुढे ढकललं की हँडल जवळ येतं हे खरं, पण मग बुडाखालचा आधार जातो, धड पुढे कलंडतं आणि ते सगळं वजन तळहातांवर येतं. करंगळीची नस तळहाताच्या त्याच कडेने जाते. म्हणजे हात दुखतात म्हणून केलेला उपाय हातच मारत होता.

आता ४७. ताईंनी दोन्ही सायकलींचे कागद घरून छापून आणले होते, वरच्या नळीच्या लांबीखाली रेघ मारलेली, ५२५ आणि ५०२ मिलिमीटर. "तेवीस मिलिमीटर कमी आहे बघा, सव्वादोन सेंटिमीटर!" खरं सांगते, आधीच्या दिवसांतली मी असते तर इथेच हो म्हटलं असतं. पण ती टेप डोक्यात बसली होती, म्हणून म्हटलं की कागद राहू दे, आपण स्वतः मोजू.

आमच्या मेकॅनिक दादांना हाक मारली. दोन्ही सायकली आळीपाळीने मागचं चाक भिंतीला टेकवून सरळ उभ्या केल्या, जमीन लेव्हलने तपासली आणि ओळंबा सोडला. हे कुणालाही घरी करता येतं. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत किती ते मोजायचं, मग भिंतीपासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडल ज्या नळीत बसतं तिच्या, वरच्या टोकाच्या मध्यापर्यंत किती ते मोजायचं, दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. जे उरतं तो रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेम पुढे किती जाते ते माप. दादा ओळंब्याची दोरी बोटाने स्थिर करत होते आणि मी आकडा वाचत होते. ५१ चा रीच ३७३. ४७ चाही ३७३.

मला वाटलं चुकलं. परत मोजलं, तेच. तिसऱ्यांदा ताईंनी स्वतः मोजपट्टी धरली, वाकून वाचलं, आणि काही न बोलता स्टुलावर बसल्या.

तो आकडा असा का येतो, तर कारण चाक आहे. रोड बाईकचं ७०० सी चाक, रिमला टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर, हे सहा फुटी माणसाच्या सायकलला आणि पाच फुटाच्या आतल्या बाईच्या सायकलला एकच. फ्रेम खरोखर लहान करायला गेलं तर पुढचं चाक इतकं जवळ येतं की वळताना बुटाचं टोक टायरला घासतं. ते टाळायला पुढचा भाग फारसा आत घेत नाहीत. त्याऐवजी सीटची नळी जास्त उभी करतात, तिचा माथा पुढे येतो आणि वरच्या नळीची लांबी कागदावर कमी दिसते. ५१ ला तो कोन ७४ अंश होता, ४७ ला साडेपंच्याहत्तर. पण ताईंचं बूड बॉटम ब्रॅकेटच्या मागे जिथे असायला हवं ती जागा फ्रेम बदलून बदलत नाही, त्यामुळे ४७ वर सीट साधारण १५ मिलिमीटर मागे घ्यावी लागणार आणि कागदावरची बचत बरीचशी तिथेच संपणार. ४७ पुढून तीन सेंटिमीटर बुटकी होती, स्पेसर, म्हणजे हँडलखाली बसणाऱ्या कड्या, घालून हँडल तेवढं वर आणलं तर ते तिरकं वर येतं म्हणून नऊएक मिलिमीटर जवळ येईल, पण आख्खी नवीन सायकल घेऊन पदरात पडणार ते तेवढंच.

म्हणून लहान फ्रेम बघणाऱ्या कुणालाही मी आता सांगते, वरची नळी बघूच नका, ५१-४७-एक्सएस या पाट्याही बघू नका, एकाची एक्सएस दुसऱ्याच्या स्मॉलएवढी असते. रीच बघा, आणि जोडीने स्टॅक, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची.

ताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मापाची सायकल कुणी बनवतच नाही का?" बनवतात हो. जॉर्जिना टेरी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९८५ मध्ये कंपनी काढली आणि पुढचं चाक लहान, २४ इंची, मागचं ७०० सी अशा सायकली लहान बायकांसाठी बनवल्या, म्हणजे हा प्रश्न तेव्हाच कुणाला तरी नीट कळला होता. आता काही कंपन्या सगळ्यात लहान साइजला ६५० बी चाकं देतात, ५८४ मिलिमीटरची. आणि हा नुसता बाईमाणसाचा प्रश्न नाही, बुटक्या पुरुषालाही हेच सोसावं लागतं, पण सरासरीने बायका बुटक्या, त्यामुळे भार आपल्यावर जास्त पडतो. "महिलांसाठी" लिहिलंय म्हणून फ्रेम लहान असेलच असं नाही, कधीकधी तीच फ्रेम असते, फक्त सीट आणि स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, एवढंच वेगळं. त्यांनी विचारलं की मग याच सायकलला लहान चाकं घातली तर? नाही चालत, सायकल १९ मिलिमीटर खाली बसते, वळणावर पेडल जमिनीला लागायची भीती, आणि रीच आहे तेवढाच राहतो.

मग त्यांना फिटिंगच्या बाईकवर बसवलं, जिचं सगळं मागेपुढे, वरखाली होतं. सीट मागे, जागेवर. नालीदार पुठ्ठ्यावर बसवून बुडाच्या हाडांमधलं अंतर मोजलं, १२.५ सेंटिमीटर निघालं, त्यांची सीट त्या मानाने अरुंद होती म्हणून १५५ मिलिमीटर रुंदीची, मध्ये खाच असलेली लावली. हँडल ४२ सेंटिमीटरचं होतं, खांद्याची हाडं मोजून ३६ लावलं. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरवरून १५५. इथे त्या घाबरल्या, ताकद कमी होईल म्हणाल्या. २००१ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यात १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंत पाच लांबीच्या क्रँक तपासल्या, अगदी टोकाच्या लांब्या धरूनही जास्तीत जास्त ताकदीत फरक निघाला चारएक टक्के, आणि १४५ आणि १७० मध्ये सांगण्यासारखा काहीच नाही. उलट क्रँक लहान झाली की गुडघा वर येऊन पोटाला भिडत नाही, बुटाचं टोकही चाकापासून लांब राहतं. फक्त सीट १५ मिलिमीटर वर घ्यावी लागते आणि त्यामुळे हँडल तेवढंच खाली गेल्यासारखं होतं, ते विसरायचं नाही. हँडलही मग वर घेतलं.

हँडल जवळ आणत गेले, एकेक सेंटिमीटर, दर वेळी पाच मिनिटं चालवायला लावून. फ्रेमचा रीच, स्टेम आणि हँडलचा पुढचा भाग मिळून त्यांच्या सायकलवर ५५८ मिलिमीटर होते, ४९२ वर येऊन थांबलो. शेवटी ब्रेक लिव्हरचा छोटा स्क्रू फिरवून लिव्हर आत घेतला. हा स्क्रू त्यांच्या स्वतःच्या लिव्हरवरही होता, दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं, दोन मिनिटांचं काम.

त्या चालवत राहिल्या, मी आकडे लिहीत होते. मान वर केली तर ताई एका हाताने बाटली काढून पाणी पीत होत्या, पाय चालूच. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. दादांनी मला खूण केली, मी काही बोलले नाही. मग त्यांचं त्यांनाच कळलं, बाटली हातात धरून तशाच थांबल्या आणि डोळे भरून आले. म्हणाल्या, "दोन वर्षं मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे."

४७ त्यांनी घेतली नाही. जुन्या सायकललाच हँडल, ७० चा स्टेम, क्रँक, सीट बदलून दिली, त्यावर ५१३ पर्यंत आलो, अजून दोन सेंटिमीटर जास्तच, आणि त्या फ्रेमवर स्टेम याहून आखूड करून हँडल चंचल करायचं नव्हतं. ३५२ रीचची ६५० बी चाकांची फ्रेम मिळायला चार महिने लागले. चाक लहान म्हणून गिअर आपोआप साडेपाच टक्के हलका झाला, चढावर तो त्यांना आवडलाच. टायर मात्र शोधून आणावे लागतात, बारीक गुळगुळीत टायर त्या मापात कमी मिळतात, हे आधीच सांगितलं होतं.

त्या दिवसानंतर माझ्याकडे कुणीही आलं की मी आधी टेप बघते, मग माणसाला विचारते.

परवा त्यांची नवीन सायकल सर्व्हिसिंगला आली. २०० ची ब्रेव्हे पूर्ण झाली होती हे त्यांनी फोनवर सांगितलंच होतं. स्टँडला लावली आणि हँडल फिरवून बघितलं. हूडची रबरं मळलेली, आणि ड्रॉप्सच्या वळणावर, ब्रेकच्या अगदी मागे, दोन्ही बाजूंनी टेप झिजून चकचकीत झाली होती. दादा म्हणाले बदलून टाकू का. मी म्हटलं, ताईंना दाखवल्याशिवाय नको.